तोंड बघून वय कोण ठरवणार?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

मी कोल्हापूरची, वय २४. वडिलांचं कोल्हापुरी चपलांचं छोटं दुकान आहे. दुकानाचं ऑनलाइन पान मी सांभाळते आणि बाहेरगावच्या बहुतेक ऑर्डरी तिथूनच येतात. ऐन लग्नसराईत अ‍ॅपने माझं वय १८ पेक्षा कमी असावं असा संशय घेऊन खातं बंद केलं आणि कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायला सांगितलं. मी चणीने लहान आहे, चेहराही कोवळा. नापास झाले. मग साडी नेसून, मोठी टिकली लावून, वहिनीचं मंगळसूत्र घालून पाहिलं, तरी तेच. आता सरकारी ओळखपत्राचा फोटो मागतायत. वहिनी म्हणते, माझा चेहरा दाखव आणि मोकळी हो. मोबाइलच्या दुकानातला मुलगा म्हणतो, "टाक की आधार, लपवायला काय हाय?" माझा भाऊ १५ वर्षांचा आहे. तालमीत जातो, अंगाने भरलाय, मिसरूड फुटलंय. त्याच तपासणीत तो पहिल्या झटक्यात मोठा ठरला. हे घरात मला एकटीलाच माहीत आहे. बाबा म्हणतात, दुकानदाराला तोंड बघून माणूस कळलाच पाहिजे, मग यंत्राचं काय चुकलं? आधार देऊ का? भावाचं घरी सांगू का? आणि ताई, माझा चेहराच असा आहे, त्याला मी काय करू?

प्रिय मैत्रिणी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. पत्रात तू तो जाता जाता लिहिलास, पण मला सगळ्यात जास्त तोच लागला. तुझ्या चेहऱ्याला काहीही करायचं नाही. वहिनीचं मंगळसूत्र गळ्यात घालून तू फोनसमोर बसलीस, हे वाचून मी थोडा वेळ पत्र बाजूला ठेवलं. मोठी दिसायचं तर लग्न झालेली दिसायला पाहिजे, हे तुला कुणी मुद्दाम शिकवलं नसणार. बँकेत "आईला घेऊन ये" ऐकून, दुकानात गिऱ्हाईक "घरात मोठं कुणी आहे का?" विचारतं ते ऐकून, ते आपोआप अंगात मुरतं. यंत्राने तुझ्या त्या जुन्या दुखण्यावर बोट ठेवलं, म्हणून ते इतकं झोंबलं. पण चूक त्या अंदाजाची होती आणि दुरुस्त करून घ्यायची ती तीच. तू स्वतःला दुरुस्त करायला निघालीस.

यंत्राने नेमकं काय केलं ते समजून घे, म्हणजे त्याचा दरारा कमी होईल. अशा प्रणालीला आधी असंख्य चेहरे आणि त्यांची वयं दाखवलेली असतात. त्यातून ती चेहऱ्याची ठेवण आणि वय यांचा मेळ घालायला शिकते आणि नवा चेहरा आला की एक आकडा काढते. तू कोण, काय करतेस, दुकान किती वर्षं सांभाळतेस, यातलं तिला काही ठाऊक नसतं. 'असे दिसणारे चेहरे साधारण इतक्या वयाचे होते', एवढंच ती सांगू शकते. अमेरिकेची निस्ट ही सरकारी मानक संस्था अशा प्रणाली तपासते. २०२४ च्या तिच्या अहवालात सहा प्रणाली होत्या. २०१४ मध्ये ज्या फोटोंवर सरासरी ४.३ वर्षांची चूक होत होती, त्याच प्रकारच्या फोटोंवर ती ३.१ वर्षांवर आली होती. सुधारणा मोठी आहे, नाही कशाला म्हणू? पण ही सरासरी आहे. कुणाच्या वाट्याला सहा महिन्यांची चूक येते, तर कुणाच्या वाट्याला सात वर्षांची. आणि तुझ्याशी थेट संबंध असलेली गोष्ट त्याच अहवालात आहे: बायकांच्या चेहऱ्यांवर चूक जवळजवळ नेहमीच जास्त निघाली. फोटोचा दर्जा, माणूस कुठल्या प्रदेशातला, यानेही फरक पडला. तेव्हा 'माझाच चेहरा असा' हे मनातून काढ. तुझ्यासारख्या पुष्कळजणी या चाळणीत अडकत असणार.

आपल्या कायद्याला ही मर्यादा फार आधीपासून ठाऊक आहे. मुलांसंबंधीच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यात वयाबद्दल शंका आली तर काय करायचं, याचा क्रम ठरवून दिलाय. आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. हाडांच्या तपासणीतही वय दोन वर्षं इकडे किंवा तिकडे असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटलंय. एक्स-रे काढूनही जिथे दोन वर्षांची सूट धरावी लागते, तिथे फोनच्या कॅमेऱ्याने काढलेल्या आकड्यावर कुणाचा धंदा बंद पाडणं मला पटत नाही.

आता बाबा. त्यांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. दुकानात येणाऱ्या माणसाकडे बघून अंदाज बांधावाच लागतो, त्याशिवाय गल्ल्यावर बसता येत नाही. पण बाबा पुढे काय करतात ते आठव. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाची मापाची चप्पल करायची असली की ते कागदावर पाऊल ठेवायला सांगतात आणि पेन्सिलीने कड काढून घेतात, असं तूच लिहिलंयस. उंच माणूस दिसला म्हणून दहा नंबरचं चामडं कापायला घेत नाहीत. नजरेने अंदाज बांधायचा आणि मापाने खात्री करायची. अ‍ॅपने तुझ्या बाबतीत पहिलं केलं आणि दुसऱ्यासाठी तुला दारोदार फिरवलं. तुझ्याच पत्रातला दसरा चौकातला हवालदारही तसाच. "पोरी, लायसन हाय काय?" म्हणून त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली, लायसन बघितलं आणि "जा" म्हणाला. संशय त्यालाही चेहऱ्यावरूनच आला, पण तो हटायला अर्धा मिनिट लागला आणि समोर माणूस होता.

बाबांना मात्र एक गोष्ट आवर्जून सांग. तोंडावरून वय काढणं आणि तोंडावरून माणूस कसा आहे हे काढणं, यात फार अंतर आहे. पण एकाची सवय लागली की दुसऱ्यावर घसरायला वेळ लागत नाही. १८७६ मध्ये लोम्ब्रोसो नावाच्या इटालियन डॉक्टरने जबडा, कपाळ, कान यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असा ग्रंथच लिहिला आणि पुढे कित्येक वर्षं शिकलेल्या माणसांनी तो खरा मानला. आपल्याकडे तर त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा कायदा केला. काही केलेलं नसताना माणसांना हजेरी द्यावी लागायची. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ती हजेरी बंद केली. देशातला तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. महाराजांनी ज्यांची हजेरी काढून टाकली, त्यांना निर्दोष असल्याचा पुरावा आणायला लावलं नव्हतं. आपल्या गावाच्या इतिहासात हे आहे, त्यामुळे बाबांना ते चटकन उमगेल असं मला वाटतं.

याचा अर्थ वय तपासूच नये असा नाही. मुलांना सांभाळायला पाहिजे आणि कंपन्यांनी वर्षानुवर्षं हात वर केले, हेही खरं. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला बंदी केली, ती १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाली. त्या कायद्यातली मला आवडलेली गोष्ट अशी की सरकारी ओळखपत्र हाच एकमेव मार्ग ठेवता येत नाही, दुसरा रस्ता द्यावाच लागतो. माझ्या मते खरी गोम तिथे आहे. वय विचारलं तर विचारा, पण ते कसं सिद्ध करायचं हे निवडायचा हक्क ज्याला विचारलं त्याच्याकडे पाहिजे. आणि अंदाज चुकला तर दाद मागायला कुणीतरी माणूस पाहिजे.

आता 'लपवायला काय हाय?' याबद्दल. त्या मुलाने मनापासूनच सांगितलं असेल, पण प्रश्न लपवण्याचा नाहीच. अ‍ॅपचा प्रश्न एवढाच आहे: १८ पूर्ण आहेत का? हो किंवा नाही. त्याच्या उत्तरात तू आधार देतेस तेव्हा नाव, फोटो, जन्मतारीख, घरचा पत्ता आणि जन्मभर न बदलणारा बारा अंकी नंबर देतेस. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गप्पा मारायच्या अ‍ॅपने जाहीर केलं की त्यांचं काम बघणाऱ्या एका बाहेरच्या कंपनीच्या यंत्रणेतून सुमारे ७०,००० जणांच्या ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी ते कशासाठी दिले होते? वयाबद्दलचा निर्णय चुकला म्हणून दाद मागायला. आज तू जिथे उभी आहेस, नेमकी तीच जागा.

आपल्या देशात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ च्या आधार निकालाने खासगी कंपन्यांनी आधारची सक्ती करण्याची वाट बंद केली. नंतर कायद्यात दुरुस्ती होऊन आपणहून वापरायची मुभा आली, पण 'आपणहून' हा त्यातला कळीचा शब्द. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचंही म्हणणं हेच आहे की संमती घेतली तरी माहिती कामापुरतीच घ्यायची.

म्हणून आधार देऊ नकोस. तुझ्याकडे गाडीचं लायसन आहे आणि अ‍ॅपच्या यादीत ते चालतं असं तू लिहिलंयस, तर ते दे. त्यावरही पत्ता असतो, पण बँक खातं, सिम कार्ड, सरकारी योजना अशा दहा ठिकाणांच्या दोऱ्या त्याला बांधलेल्या नसतात. पॅनवर पत्ता नसतो म्हणून काहीजण ते देतात. मी देणार नाही, कारण तुझ्या नावावर कर्ज काढू बघणाऱ्याला तेच हवं असतं. ज्यांच्याकडे आधारशिवाय दुसरं काहीच नाही, त्यांनी मास्क्ड आधार चालतं का ते बघावं. त्यात नंबराचे शेवटचे चारच अंक दिसतात आणि ते यूआयडीएआय या आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतं. आधारच्या नव्या अ‍ॅपमध्ये तर अख्खं कार्ड न दाखवता हवी तेवढीच माहिती दाखवायची सोय केलीय. समोरच्या अ‍ॅपने ती स्वीकारली तर यासारखं बरं काही नाही. आपण ग्राहकांनी ती मागत राहायला हवी.

फोटो चढवायचा तो तुझ्या स्वतःच्या फोनवरून, अ‍ॅपच्या आतूनच. मोबाइलच्या दुकानात त्या मुलाच्या फोनवर अजिबात नको. आपल्याकडे नेहमी असं होतं: "दे इकडे, मी करतो" म्हणून कुणीतरी कार्डाचा फोटो काढतो, आपलं काम होतं आणि आपण घरी येतो. तो फोटो मात्र त्याच्या गॅलरीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तसाच राहतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचंही तेच. शिवाय खातं बंद पडलेल्यांच्या मागे 'पैसे भरा, चालू करून देतो' म्हणणारे लागतात. कंपनीचा माणूस म्हणून मेसेज आला, लिंक आली, ओटीपी मागितला, तर सरळ ब्लॉक कर.

वहिनीचा चेहरा नको. तिची माया मला कळते, आणि कदाचित काम होऊनही जाईल. पण मग ते खातं तिच्या चेहऱ्यावर उभं राहील. पुन्हा तपासणी आली की पुन्हा वहिनीला हाक. आणि उद्या कंपनीने हरकत घेतली तर तुझ्या हातात काय उरेल? आज तुझी बाजू पूर्ण खरी आहे. तक्रार करताना तेच तुझं बळ आहे, ते घालवू नकोस.

तक्रार करच. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर द्यावा लागतो आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत मिळायला हवी. निर्णय पटला नाही तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं. त्याला वकील लागत नाही. मजकूर लांबलचक नको. असा लिही: 'माझं वय २४ आहे. चेहऱ्यावरून काढलेला अंदाज चुकीचा आहे. अमुक तारखेला मी वाहन परवाना सादर केला आहे. माणसाकडून फेरतपासणी करावी, निर्णयाचं कारण लेखी कळवावं आणि वयाची खात्री झाल्यावर परवान्याचा व चेहऱ्याचा फोटो नष्ट केल्याचं कळवावं.' सोबत नापास झाल्याचे स्क्रीनशॉट जोड. चेहरा कोवळा असल्याचं, चणीने लहान असल्याचं एक अक्षरही लिहू नकोस. तो खुलासा तू देणं लागत नाहीस.

आता भाऊ. इथे तुझं पत्र थोडं घाईत झालंय. 'तो सुटला, मी अडकले' असा सूर मला ऐकू आला आणि तो साहजिक आहे. एकाच घरात, एकाच फोनवर, २४ वर्षांची लहान आणि १५ वर्षांचा मोठा! पण तो सुटलेला नाही. आपल्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूल आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते, त्याच्यावर पाळत ठेवायला आणि त्याला हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. पण अ‍ॅपच्या लेखी जो मोठा ठरला, त्याला ही ढाल मिळणार कशी? अनोळखी माणसांचे मेसेज, पैसे लावायला बोलावणाऱ्या जाहिराती, मोठ्यांसाठीचा मजकूर, सगळं त्याच्यासमोर उघडं. अंगाने भरलेल्या पोरांच्या बाबतीत आपण घरीही हेच करतो. आवाज फुटला, मिसरूड आलं की त्याला मोठा धरतो आणि त्याची भीती, त्याचे घोटाळे विचारायचे सोडून देतो. तुला चेहऱ्याने लहान ठरवलं त्याचा त्रास दिसतो. त्याला चेहऱ्याने मोठा ठरवलं त्याचा त्रास दिसत नाही, एवढाच फरक.

तालमीतल्या पोराला हे पटवणं अवघड नाही. वयोगटाच्या कुस्त्यांत, १७ वर्षांखालच्या गटात उतरायचं तर वस्ताद त्याच्या मिशीवर विसंबत नाहीत, जन्मदाखला आणायला लावतात. पंधराच्या पोराला मोठ्या गटात घातला तर मान मोडेल, हे तिथे सगळ्यांना कळतं. त्याच्याशी आधी तू बोल, बाबांच्या कानावर परस्पर घालू नकोस. काय बघतोस, कोण मेसेज करतं, कशाने अस्वस्थ झालास का, हे विचार आणि मध्ये न बोलता ऐकून घे. मग खात्यातली जन्मतारीख त्याच्याच हाताने खरी करून घे आणि आईबाबांना दोघांनी मिळून सांगा. त्याने नकारच दिला, किंवा कुणी पैसे वा फोटो मागितल्याचं कळलं, तर मात्र थांबायचं नाही. त्याच दिवशी घरी सांगायचं. तेव्हा ती चुगली ठरत नाही.

दुकानाचं एक राहिलं. सगळी गिऱ्हाइकं एकाच अ‍ॅपच्या भरवशावर ठेवली म्हणून हे इतकं अंगावर आलं. जुन्या ऑर्डरींच्या पावत्यांवरून नावं आणि नंबर वहीत उतरवून घे आणि अडलेल्यांना स्वतः फोन कर. लग्नाची तारीख कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे ज्यांची जोडी तयार आहे त्यांना आधी. आणि खातं चालू झाल्या झाल्या बाबांना पानाचे दुसरे अ‍ॅडमिन करून टाक. फेरतपासणीचं उत्तर आलं की मला कळव, विशेषतः त्यांनी कारण काय दिलं ते. तसंच पत्र इचलकरंजीहूनही आलंय आणि त्या मुलीला तुझ्या अनुभवाचा उपयोग होईल.

तुझी ताई